सहावी पाहुणी

कारखान्यात तिला सगळ्याजणी ‘दुर्बीण’ म्हणायच्या. नव्याने लागलेल्या मुली तेवढ्या ‘दुर्बीणमावशी’ म्हणायच्या. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याचं चुकलं नव्हतं. एकवीस वर्षं ती एकच काम करत आली होती. पाहायचं.

लहान मुलांच्या तापाचं पातळ औषध काचेच्या बाटल्यांत भरलं जायचं आणि त्या बाटल्या पट्ट्यावरून तिच्यासमोर यायच्या, मिनिटाला चाळीस. पलीकडे आतून दिवा लावलेली फळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. त्या उजेडात बाटलीत केस दिसला, कचरा दिसला, काचेचा कण दिसला, की उचलायची आणि डाव्या हाताच्या लाल टोपलीत टाकायची. वीस मिनिटं पाहायचं, मग वीस मिनिटं उठून बाजूला झाकणं निवडत बसायचं. तेवढा वेळ खुर्चीवर धाकटी. धाकटी म्हणजे तिची जोडीदारीण, वयाने लहान म्हणून धाकटी, बाकी तोंडाने सगळ्यांची आजी.

काम सोपं वाटतं ना? ज्याला वाटतं त्याने दहा मिनिटं बसून दाखवावं. हजार बाटल्यांत एकही खराब निघत नाही, आणि हीच त्या कामातली खरी मेख आहे. चांगल्या बाटल्या बघून बघून माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो. हे कारखान्यालाही ठाऊक होतं, म्हणून एक युक्ती काढलेली होती. मुद्दाम काचेचा बारीक कण घातलेल्या काही बाटल्या सुपरवायझर रोज गुपचूप पट्ट्यावर सोडायचा. त्यांच्या बुडाला हिरवा ठिपका असायचा, तो बाटली उलटी केल्याशिवाय दिसायचा नाही. बायका त्यांना ‘पाहुण्या’ म्हणायच्या. संध्याकाळी पाच वाजता लाल टोपली रिकामी करायची, पाहुण्या मोजायच्या. सोडल्या तेवढ्या परत आल्या की सगळ्या घरी.

हा सुपरवायझर कागदाशिवाय पाऊल टाकायचा नाही. पाहुणी सोडली की कागदावर बरोबरची खूण, टोपली मोजली की खूण, चहा प्यायला तरी बहुधा करत असेल. त्याचं नाव बरोबरसाहेब.

गेल्या अकरा वर्षांत दुर्बिणीच्या हातून एकही पाहुणी निसटली नव्हती. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नव्हती. घरी नवऱ्याचा चष्मा हरवला, किल्ली हरवली, की तो शोधायच्या भानगडीत न पडता सरळ तिला हाक मारायचा. “डोळ्यांत तेल घालून बसते मी,” ती म्हणायची. तिच्या डोळ्यांचा शब्द कारखान्यात चालायचा. एकदा तर फारच चालला होता.

ती नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. औषध भरायच्या यंत्रापाशी कोणाच्या तरी हातून बाटली फुटली. काच फुटली की लाल बटण दाबायचं, पट्टा थांबवायचा, सगळं रिकामं करून धुवायचं, असा कडक नियम. कोणीतरी बटण न दाबता तुकडे पट्ट्याखाली सारले होते, ते संध्याकाळी झाडताना सापडले. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी दुर्बिणीला खोलीत बोलावलं. तिने सांगितलं, शिडी होती. शिडी म्हणजे तिची मैत्रीण, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी उंच. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं,” दुर्बीण म्हणाली, “निळ्या पट्ट्याच्या चपलेने तिने तुकडे आत ढकलले.” शिडी म्हणत राहिली की मी तिथे नव्हतेच, मी रिकामे खोके आणायला गोदामात गेले होते. पण दुर्बिणीच्या डोळ्यांपुढे कोणाचं काय चालणार? शिडीला काढलं. दुर्बिणीला वाईट वाटलं, ती चार दिवस नीट जेवली नाही, पण मन स्वच्छ होतं. खरं ते सांगितलं होतं.

आता या गोष्टीतल्या शेवटच्या बाई. विद्यापीठातून एक बाई पंधरा दिवसांसाठी कारखान्यात येऊन बसल्या होत्या. माणसाचं मन कसं चालतं, म्हणजे ते पाहतं कसं, लक्ष कसं देतं, लक्षात कसं ठेवतं, याचा त्या अभ्यास करत. वेड्यांच्या डॉक्टर आहेत का, असं धाकटीने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. “नाही हो,” बाई म्हणाल्या, “माझा अभ्यास शहाण्यांचा. त्यांची डोकी जास्त गमतीची असतात.” झालं, त्यांचं नाव मनबाई पडलं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मनबाईंनी कागदावर एक फुली काढली आणि तिच्या उजवीकडे चार बोटांवर एक ठिपका. “डावा डोळा झाका. उजव्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा.” दुर्बिणीने केलं. कागद वीतभर अंतरावर यायच्या जरा आधी ठिपका गेला. नाहीसाच झाला. तिथे कोरा पांढरा कागद होता.

बायका खिदळत होत्या, कागद ओढून घेत होत्या. दुर्बिणीला मात्र कसंतरीच झालं.

“डोळ्यात एक जागा अशी असते की तिला काहीच दिसत नाही,” मनबाई म्हणाल्या. “सगळ्यांच्याच असते.”

“मग तिथे भोक का नाही दिसलं?” दुर्बिणीने विचारलं. “काळं काहीतरी दिसायला हवं ना? मला तर कागद दिसला.”

“कारण मन ती जागा बुजवतं. आजूबाजूला पांढरं आहे, तर इथेही पांढरंच असणार, असं धरून चालतं. डोळ्याकडून जे येतं त्यात पुष्कळ फटी असतात. मन त्या भरतं. आणि भरल्या, हे आपल्याला कळवत नाही.”

“आठवणींचंही असंच असतं का हो?” धाकटी म्हणाली. “माझ्या सासूच्या आठवणीत तर एक फट नाही. लग्नात मी कितीदा जांभई दिली तेसुद्धा सांगते.”

“मग तर नक्कीच काही जांभया त्यांनी घरच्या घरी तयार केल्या असतील,” मनबाई म्हणाल्या, आणि पुन्हा सगळ्या हसल्या. दुर्बिणीने डबा धुतला आणि पाच मिनिटं आधीच खुर्चीवर जाऊन बसली. त्या दिवशी प्रत्येक बाटली तिने मान जरा हलवून, दोनदा पाहिली. रात्री मान आखडली.

त्यानंतर तीनच दिवसांनी ते घडलं.

पाच वाजले, पट्टा थांबला. बरोबरसाहेबाने ऑफिसच्या टेबलावर लाल टोपली रिकामी केली, बाटल्या एकेक उलट्या केल्या. पाच हिरवे ठिपके. त्याने कागद पाहिला. कागदावर बरोबरच्या सहा खुणा होत्या.

त्याने पुन्हा मोजलं. मग धाकटीने मोजलं. मग दुर्बिणीने प्रत्येक बाटली हातात घेऊन बुडावरून बोट फिरवलं, जणू ठिपका बोटाला लागेल. पाहुण्या ठेवायच्या पेटीत सहा खाचा रिकाम्या होत्या. टेबलावर बाटल्या पाच.

सहावी पाहुणी पट्ट्यावरून पुढे गेली होती, तिच्यावर झाकणाची पट्टी बसली होती, लेबल लागलं होतं, आणि अठ्ठेचाळीस बाटल्यांच्या कुठल्यातरी खोक्यात ती इतर बहिणींसारखीच उभी होती. आत नखाच्या टोकाएवढी काच. चमच्यात ओतली तरी औषधाच्या रंगात दिसणार नाही अशी. कोणाच्यातरी घरी पोर तापाने फणफणलेलं असेल, रडत असेल, आई नाक धरून चमचा तोंडात घालेल.

“सहावी मी चहानंतर सोडली,” बरोबरसाहेब म्हणाला. त्याचा आवाज फाटत होता. “स्वतःच्या हाताने ठेवली. पट्ट्याचं रबर हाताला गार लागलं, तेही आठवतंय मला.”

चहा साडेतीनला झाला होता. तेव्हापासून पाचपर्यंत पंचाहत्तर खोकी भरली होती. त्यातली पहिली पस्तीस साडेचारच्या ट्रकने गेली होती. ट्रक मोठ्या वखारीकडे निघाला होता, तिथून पहाटे छोट्या गाड्या दुकानोदुकानी जायच्या. उरलेली चाळीस खोकी गोदामात होती.

मोठे साहेब आले. हे नवे, नऊ वर्षांपूर्वीचे नव्हेत, पण मोठे साहेब होण्यासाठी जी माती लागते ती एकाच खाणीतून येत असावी. ट्रक परत बोलवायचा म्हणजे वरपर्यंत बोभाटा. त्यांना ते नको होतं. त्यांनी दोघींना खोलीत घेतलं. खोली तीच होती. भिंतीला नवा रंग दिला होता, पंखा मात्र जुनाच, एका पात्याचा आवाज करणारा.

“आठवून सांगा,” ते म्हणाले. “सटकली तेव्हा खुर्चीवर कोण होतं?”

धाकटी रडायलाच लागली. तिला काहीच आठवत नव्हतं आणि ती तेच तेच सांगत होती, साहेब, मला नाही माहीत, खरंच नाही माहीत.

“तुम्ही?”

“मला दिसली असती तर मी उचललीच असती ना, साहेब,” दुर्बीण म्हणाली.

“दिसली असेल, पण हात पोचला नसेल. दुसरीकडे लक्ष गेलं असेल. शांतपणे आठवा.”

तिने डोळे मिटले. बाटल्या दिसायला लागल्या, एकीमागून एक, कुठल्याही दिवसाच्या असाव्यात तशा. ट्रकमध्ये नसू दे, एवढंच तिच्या मनात होतं. गोदामात असू दे. गोदामातली आपण आत्ता शोधून काढू.

“शेवटी शेवटी पट्टा जरा अडखळला होता,” ती म्हणाली. “पावणेपाचच्या सुमाराला.”

“हो, अडखळला होता,” धाकटी नाक पुसत म्हणाली. हे खरंच होतं.

“मग? तेव्हा?”

“तेव्हा मी वळून पाहिलं होतं बहुतेक.”

“आणि बाटली?”

पंखा टक टक करत होता. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला बाटली दिसली. पट्टा दचकून पुन्हा सुरू झाला, बाटल्या एकमेकींवर आपटल्या, आणि त्यातली एक तिच्यासमोरून गेली. तिच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात काच चमकत होती, माशाच्या खवल्यासारखी, जराशी तिरपी. हात उचलेपर्यंत ती पुढे निघून गेली. तिने डोळे उघडले.

“मी पाहिली होती,” ती म्हणाली. तिला भडभडून आलं. “साहेब, मी पाहिली होती ती. पट्टा अडखळला त्याच्या लगेच नंतर. कशी विसरले मी?”

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. पावणेपाचच्या पुढचा माल म्हणजे गोदामातला. ट्रकला फोन करायची गरज नव्हती.

शेवटची वीसेक खोकी फोडली. गोदामाच्या जमिनीवर पुठ्ठे अंथरले, बायका उकिडव्या बसल्या आणि एकेक बाटली उलटी करून बूड पाहू लागल्या. मनबाईही बाह्या दुमडून बसल्या. दुर्बिणीच्या हातात बाटल्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. एकवीस वर्षांत एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती, आई गेली तेव्हाही नाही. त्यात दुसरी एक भीती होती, जी कोणाला सांगायची सोय नव्हती. पाहूनसुद्धा मी विसरले. पाहिल्यावर अर्ध्या तासात विसरले. आता हे असंच होत जाणार का?

पहिली दहा खोकी झाली. नाही. वीस झाली. नाही.

“उरलेलीही फोडा,” ती म्हणाली. “वेळ थोडी मागेपुढे झाली असेल माझी.”

उरलेली वीस फोडली. साडेसहा वाजून गेले. चाळीस खोक्यांत सगळ्या बाटल्यांची बुडं कोरी होती. एकीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, ती भिंत धरून उभी राहिली. सगळ्यांचे डोळे दुर्बिणीकडे होते. पावणेपाचचा माल हा होता. इथे नाही, म्हणजे ट्रकमध्ये. म्हणजे तिच्या सांगण्यावरून दीड तास ट्रक तसाच पुढे जाऊ दिला होता.

मोठ्या साहेबांनी फोन लावला. ड्रायव्हर उचलेना. पुन्हा लावला. दुर्बीण गोदामाच्या दारात उभी होती आणि तिला बाहेरचा रस्ता दिसत होता, दिवे लागलेले, माणसं आपापल्या घरी चाललेली. एक बाई पोराला कडेवर घेऊन औषधाच्या दुकानात शिरत होती. दुर्बिणीने मान वळवली. पाचव्यांदा ड्रायव्हरने फोन उचलला. तो वखारीच्या दारात पोचला होता, माल उतरवायला चारजण आले होते. साहेब म्हणाले, एका खोक्याला हात लावू नकोस, आहेस तसा मागे फिर.

ट्रक परत यायला दोनेक तास लागणार होते. सगळ्या तशाच बसून राहिल्या. आणि साडेसातला कपडे धुवायला नेणारी बाई आली.

ती रोज यायची. खुंट्यांवरचे मळके पांढरे कोट काढायचे, खिसे चाचपायचे, गाठोडं बांधायचं. तिला या गोंधळातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती गोदामाच्या दारात आली, हातात एक बाटली होती.

“ही कोणाची? कोटाच्या खिशात राहिली होती. फुटली असती तर माझा हात कापला असता की नाही?”

बरोबरसाहेबाने बाटली घेतली आणि उलटी केली. हिरवा ठिपका.

तो मटकन खाली बसला. मग तुकड्या-तुकड्यांनी उलगडलं. चारच्या सुमाराला सहावी पाहुणी खिशात घालून तो पट्ट्याकडे निघाला होता. वाटेत हमालाने हाक मारली, ट्रकच्या कागदांवर सही हवी आहे. बाहेर जायचं म्हणून त्याने कोट काढून खुंटीला लावला. परत आला तो बाहेरच्या दाराने सरळ ऑफिसात. टेबलावर कागद होता, पेटीतली सहावी खाच रिकामी होती, त्याने खूण केली. तोपर्यंत हाताला रबर गार लागून गेलेलं होतं, म्हणजे त्याच्या मते.

सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. हसण्याचा असा लोंढा आला की कोणाकोणाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. धाकटीने बरोबरसाहेबाच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, आता याच्या कपाळावर खूण करते. मोठे साहेबही हसले, ट्रकला पुन्हा फोन करायला गेले. पोरं वाचली होती. मुळात कुठल्या पोराला धोकाच नव्हता.

दुर्बीण हसत नव्हती. ती फोडलेल्या खोक्यांच्या मधे उभी होती. ती मनबाईंपाशी गेली.

“बाई, बाटली पट्ट्यावर आलीच नाही.”

“हो.”

“मग मी काय पाहिलं?”

मनबाईंनी तिला एका खोक्यावर बसवलं आणि शेजारी बसल्या.

“तुम्ही आजवर अशा शेकडो पाहुण्या पाहिल्यात. त्यातली एखादी मनाने उचलली आणि आजच्या पट्ट्यावर ठेवली. पट्टा अडखळलेला खरा होता, तुमची भीती खरी होती. मधे एक फट होती आणि साहेब तीच पुन्हा पुन्हा विचारत होते. मनाने ती भरली.”

“म्हणजे मी खोटं बोलले.”

“नाही. खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. तुम्ही आठवत होतात. फक्त ते घडलेलं नव्हतं.”

“पण मला दिसली हो. आत्तासुद्धा दिसते आहे. डाव्या कोपऱ्यात, तिरपी.” तिने डोळे मिटले आणि झटकन उघडले. “मग खऱ्या आठवणीत आणि हिच्यात फरक कसा ओळखायचा?”

“आतून नाही ओळखता येत,” मनबाई म्हणाल्या. त्यांनाही हे सांगायला आवडलं नसावं. “बाहेर काहीतरी सापडावं लागतं. आज कोटाचा खिसा सापडला.”

दुर्बीण घरी गेली. नवऱ्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला, बरं झालं की, सुटलीस, वाढ आता. तिने वाढलं. तो जेवताना काय बोलला यातलं तिला काही कळलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती खोली होती, टक टक करणारा पंखा, आणि टेबलापलीकडे जुने मोठे साहेब. तेव्हाही तीन वेळा विचारलं होतं. पहिल्यांदा ती काय म्हणाली होती? कोणीतरी उंच होतं बहुतेक, असं म्हणाली होती. दुसऱ्यांदा म्हणाली, शिडीच असेल. आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला दिसलं होतं.

नको, नको, असं ती स्वतःशीच म्हणाली. ते वेगळं. ते खरंच पाहिलं होतं. शिडीची निळ्या पट्ट्याची चप्पल, टाचेकडे झिजलेली, काचेचा तुकडा पुढे सारताना. इतकं स्पष्ट काही खोटं असू शकतं का? आणि मग माशाच्या खवल्यासारखी ती काच आठवायची, तीही तितकीच स्पष्ट.

सकाळी ती कामावर गेली. यंत्राच्या खोलीत शिरण्याआधी एक बाक आहे आणि बाकाशेजारी चपलांची मांडणी. बाहेरच्या चपला तिथे काढायच्या, आतले पांढरे रबरी बूट चढवायचे, मगच उंबरा ओलांडायचा. बाहेरच्या चपलेला आत पाय ठेवायची मुभा नाही, मोठ्या साहेबांनासुद्धा नाही. पहिल्या दिवसापासून हा नियम आहे. एकवीस वर्षं दुर्बीण रोज त्या बाकावर बसून चपला काढत आली होती.

तिने उजवी चप्पल काढली, हातात घेतली आणि तशीच बसून राहिली.

धाकटीने मागून विचारलं, “काय झालं गं मावशी? पाय मुरगळला का?” शिडीची निळ्या पट्ट्याची चप्पल दुर्बीण रोज पाहायची हे खरंच होतं. या मांडणीत पाहायची. आत ती कधी आलीच नव्हती, येऊच शकत नव्हती. हे त्या वेळी साहेबांच्या लक्षात आलं नाही, लिहून घेणाऱ्याच्या आलं नाही, शिडीच्याही आलं नाही, आणि जिचे डोळे एवढे तीक्ष्ण तिच्या तर नाहीच आलं. नऊ वर्षं.

त्या दिवशी ती खुर्चीवर बसली नाही. डोकं दुखतंय म्हणून दिवसभर झाकणं निवडली. सुटल्यावर घरी न जाता शिडीकडे गेली.

शिडीचं घर तिला माहीत होतं, नऊ वर्षांत त्या गल्लीत तिने एकदाही पाऊल टाकलं नव्हतं म्हणून जास्तच माहीत होतं. दार उघडं होतं. पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि शाळेच्या दप्तरांचे ढीग. शिडी दप्तरांना खांद्याचे पट्टे शिवून द्यायची. केस पांढरे झाले होते. उंची तेवढीच, पण यंत्रावर वाकून वाकून पाठीला बाक आला होता. तिने वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा मान खाली घालून पट्टा पुरा शिवला.

“बस,” ती म्हणाली. “ते ढीग सरकव.”

दुर्बीण बसली. रस्त्यात तिने काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच तोंडात येईना. ही ओरडेल, हाकलून देईल, तर बरंच होईल, असं तिला वाटत होतं.

“त्या दिवशी,” ती म्हणाली, “मी सांगितलं होतं ना, तुला पाहिलं म्हणून.”

“हं.”

“मला आता वाटतं, मी पाहिलं नव्हतं.”

शिडीने यंत्रावरचा हात काढला नाही.

“कशाला आलीस तू हे सांगायला?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “माझी समजूत काढायला? नको काढू. पहिलं एक वर्ष मी तुला शिव्या दिल्या, अगदी मन भरून दिल्या. मग विचार करायला लागले. तू मैत्रीण माझी, खोटं कशाला बोलशील? तुझ्या नजरेतून तर मुंगी सुटत नाही. आठवून आठवून पाहिलं मी. आणि हळूहळू आठवलं गं मला. मीच होते. घाबरले असेन, लाल बटण दाबलं तर ओरडा बसेल म्हणून. मीच ढकलले ते तुकडे. आता तर मला माझा पायसुद्धा दिसतो. निळ्या पट्ट्याची चप्पल होती बघ माझी, तिने.”

दुर्बिणीने शिडीचा हात धरला. हात राठ होता, दोऱ्याने बोटांना घट्टे पडलेले.

“चपला आपण बाहेर काढायचो,” ती म्हणाली. “मांडणीत. आत पांढरे बूट असायचे आपल्या पायात. सगळ्यांच्या. रोज.”

शिडी तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली, स्वतःच्या पायांकडे गेली. पाय अनवाणी होते, यंत्राच्या पायट्यावर टेकलेले.

“पांढरे बूट,” ती म्हणाली.

“हो.”

“मग मी गोदामात गेले होते? खोके आणायला?”

हे तिने दुर्बिणीला विचारलं. जणू अजूनही तिनेच सांगायचं होतं. दुर्बिणीने तोंड उघडलं. हो म्हणावं, पुन्हा पुन्हा म्हणावं, असं तिला फार वाटलं, आणि शिडीने ते मानलंही असतं.

“मला माहीत नाही गं,” ती म्हणाली.